सिंगापूरच्या वाटीतली कुरुंद्याची हळद

"रिपोर्ट पास हाय ना मॅडम? मंग द्या पाठवून. मिटला विषय," आबा म्हणाले.

आबा म्हणजे आमच्या शेतकरी कंपनीचे चेअरमन. वसमतजवळच्या कुरुंदा गावचे जुने हळदवाले. मी त्याच कंपनीची क्वालिटी इन्चार्ज. शेतकऱ्यांची हळद आमच्याकडे येते, निवडली जाते, दळली जाते, पाकिटात भरून बाहेर जाते. यातल्या प्रत्येक ठिकाणी मी नाक खुपसते. पगारच त्याचा मिळतो.

माझ्या एका हातात आमचा लॅब रिपोर्ट होता आणि दुसऱ्या हातात सिंगापूरहून आलेल्या मेलचा प्रिंट. रिपोर्ट म्हणत होता, माल उत्तम. मेल म्हणत होता, चव गेली.

तक्रारी मी पुष्कळ वाचल्यात. त्यांची एक ठरलेली भाषा असते. 'रिप्लेसमेंट', 'कॉम्पेन्सेशन', आणि शेवटी वकिलाचं नाव. या मेलमध्ये तसलं काही नव्हतं. नादिया नावाच्या मुलीनं पाकिटावरचा पत्ता बघून थेट आम्हाला लिहिलं होतं. 'मी खाण्याची एक छोटी टपरी चालवते. तुमची हळद बदलली आहे का, की माझ्याच हाताला चव नाही? कृपा करून खरं सांगा.'

"आबा, ही माल परत घ्या म्हणत नाहीये. विचारतेय फक्त."

"तेच म्हणून राहिलो. विचारलं, तर सांगा. रिपोर्ट पास हाय. आता त्या पोरीच्या हाताला चव न्हाई त्याला आमी काय करावं?"

आबा बोलले ते व्यवहाराला धरून होतं. पण मला चैन पडेना. एखादी गोष्ट का झाली हे कळलं नाही की मला जेवण गोड लागत नाही, हा माझा जुना आजार. शिवाय 'हाताला चव नाही' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. कळमनुरीला आमच्या वस्तीत भीमजयंतीचं जेवण असलं की माझी आई मला भांडी घासायला बसवायची, पातेल्याजवळ फिरकू द्यायची नाही. "तू आपली नळ्यांतलं पाणी हालव," म्हणायची. केमिस्ट्रीत बीएस्सी झालेल्या मुलीला यापेक्षा जास्त काय टोचणार? म्हणून त्या न पाहिलेल्या नादियाची बाजू मी मनातल्या मनात आधीच घेतली होती. क्वालिटीच्या माणसानं असं करू नये. मी केलं.

आबांना म्हटलं, "रिपोर्ट पाठवते, पण आधी तिच्याशी एकदा बोलू द्या."

"बोला. पण कबूल काही करू नगा."

इथं थोडं मागं जाऊन सांगते. आमची हळद मुंबईचा एक एक्स्पोर्टर घेतो. तिथून ती सिंगापूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडं जाते आणि पुढं कुठंकुठं. आमचा समज असा होता की ती मोठ्या हॉटेलांत जात असणार. सिंगापूर म्हटलं की आम्हाला उंच बिल्डिंगा आणि चकाचक विमानतळच दिसायचा. मग गेल्या वर्षी एक्स्पोर्टरनं एक फोटो पाठवला. त्यात एक चिमुकला गाळा, पुढं माणसांची रांग, आत पातेल्यापुढं उभी एक म्हातारी, आणि मागच्या फळीवर आमचं पिवळं पाकीट. आबांनी त्याचा फ्लेक्स केला. आपल्याकडं कुणाला आनंद झाला की फ्लेक्स होतोच. 'कुरुंद्याची हळद थेट सिंगापुरात' असं ठळक लिहून तो निवडणीच्या शेडमध्ये लावला. तिथं बसून बायका हळद निवडतात, त्यांना रोज समोर दिसावा म्हणून. तो गाळा कुणाचा, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

तो नादियाचाच गाळा निघाला. व्हिडिओ कॉल लागला आणि मागं तीच फळी दिसली.

नादिया तिशीची असेल. ती इंग्रजीत बोलत होती, मी माझ्या कॉलेजच्या इंग्रजीत. दोघींची इंग्रजी एकमेकींना समजली हे विशेष. मी आधी हळदीचं काही विचारलंच नाही. म्हटलं, तुझी टपरी दाखव.

तिनं फोन फिरवला. मोठं छप्पर, बाजू उघड्या, आणि त्याखाली ओळीनं गाळे. प्रत्येक गाळ्यात एखादाच पदार्थ. कुणी पिढ्यान्पिढ्या नुसता भात आणि कोंबडी विकतंय, कुणी नुसत्या शेवया. छपराच्या पलीकडं काचेच्या बिल्डिंगा. त्यांतली साहेबमंडळी गळ्यात आयकार्ड अडकवून त्याच रांगेत उभी, टॅक्सीवाल्याच्या मागं. नादिया म्हणाली, या शहरात घर घेणं आमच्यासारख्यांच्या स्वप्नात येत नाही, पण जेवण इथं अजून गरिबाला परवडतं. सरकारच गाळे भाड्यानं देतं. पूर्वी हेच लोक रस्त्यावर गाडे लावायचे, मग त्यांना छपराखाली आणलं.

एका टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलेलं दिसलं. मी विचारलं, "कुणी विसरलं का ते?"

ती हसली. "नाही. जागा धरलीय."

मला फार बरं वाटलं. वसमत-हिंगोली एसटीत आम्ही खिडकीतून रुमाल टाकतो, तेच हे. इतक्या महागड्या शहरात माणसं आमच्यासारखीच निघाली.

तिचा पदार्थ म्हणजे कोंबडीचं पिवळं पातळ सार. त्याला ते सोतो म्हणतात. हळद, आलं, लसूण, गवती चहा. वाटीत भाताच्या वड्या, वरून कोंबडीचे तुकडे आणि गरम सार. मसाला थोडाच, त्यामुळं हळदीला लपायला जागा नाही. हळद बिघडली तर सगळं बिघडलं.

"आई करायची तेव्हा रांग वळण घेऊन पलीकडच्या गाळ्यापर्यंत जायची," नादिया म्हणाली. "तिच्या मनगटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पळी उचलू नको म्हणून सांगितलं. मी बँकेतली नोकरी सोडून इथं उभी राहिले. प्रमाण तेच, पातेलं तेच. पण जुनी गिऱ्हाइकं दोन चमचे खातात, माझ्याकडं बघतात आणि गप्प उठून जातात."

मागं फ्लेक्सवरचीच म्हातारी स्टुलावर बसली होती. डोक्याला रुमाल, मनगटाला पट्टा. रोहाना, नादियाची आई. ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. नादियाचा चेहरा उतरला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, पाकीट तेच आहे. हात बदललाय." नादियानं आवाज खाली आणला. "गाळ्याचा करार संपत आलाय. तोवर चव जमली नाही तर ती गाळा सरकारला परत करणार आहे. म्हणते, माझ्या नावावर बेचव सार विकू देणार नाही."

म्हणजे आमच्या एका ओळीच्या उत्तरावर तो गाळा टांगलेला होता. आम्ही 'माल उत्तम, रिपोर्ट जोडला आहे' असं लिहिलं असतं, तर त्याचा अर्थ एवढाच होता की पोरीचा हात वाईट.

मी विचारलं, "सध्याचा हळदीचा लॉट कधी उघडला?"

तिनं आईला विचारलं. दोघींची थोडी हुज्जत झाली. मग म्हणाली, "आईचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात. नवा बॉक्स मीच फोडला होता."

हात बदलला आणि पाकीट बदललं, दोन्ही एकदमच. मग दोष कुणाचा हे तिथं बसून कुणाला कळणार? पण माझ्याकडं कळायची सोय होती.

आम्ही प्रत्येक लॉटमधली थोडी हळद बाटलीत भरून कपाटात ठेवतो. लॉट म्हणजे एका वेळी एकत्र दळलेला माल. पुढं कुणाची तक्रार आली तर तपासायला तोच माल हाताशी हवा, म्हणून ही सोय. एरवी त्या बाटल्यांकडं कुणी बघत नाही. मी आधीच्या लॉटची आणि नव्या लॉटची अशा दोन्ही बाटल्या काढल्या आणि पुन्हा सगळ्या टेस्ट लावल्या.

दोन्ही पास. ओलावा बराबर, भेसळ नाही. हळदीला पिवळा रंग देणारा जो घटक असतो, तो नव्या मालात उलट जास्तच होता. रंग असा की बघत राहावं. वास देणारं तेल मात्र किंचित कमी, पण तेही ठरलेल्या हद्दीत. आता हद्दीत असणं म्हणजे काय? पस्तीस मार्कांचा पोरगाही पास आणि नव्वदचाही पास. रिपोर्टकार्डावर दोघांपुढं एकच शब्द. दोन्ही पोरं सारखी आहेत असं रिपोर्ट म्हणत नाही, आपण समजून घेतो.

मशीननं हात टेकले. मग मी नादियाकडून सोतोची कृती मागवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये हॉटप्लेटवर कोंबडी चढवली.

लॅबमध्ये कोंबडी शिजवू नये असा नियम कुठं लिहिलेला नाही. कारण असं कुणी करेल हे नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसेल. गवती चहा आमच्या वॉचमनच्या दारात होता. एकाच पातेल्यातलं पाणी दोन भांड्यांत वाटलं. एकात जुनी हळद, एकात नवी. वाट्यांच्या बुडाला खुणा केल्या. मग अकाउंटंट, वॉचमन आणि पॅकिंगमधल्या लोकांना बोलावलं. कुठली वाटी कुठली हे कुणालाच सांगितलं नाही.

नव्या हळदीचं सार दिसायला देखणं होतं. सगळ्यांनी आधी तीच वाटी उचलली. आणि सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून मागितलं ते जुन्या हळदीचं. कारण विचारलं तर कुणाला सांगता येईना. अकाउंटंट म्हणाला, "हे पिवळं हाय. ते हळदीचं हाय." वॉचमन म्हणाला, "ह्याच्यात काहीतरी कमी हाय मॅडम. काय ते मालूम न्हाई."

मी हरखले. आईला आत्ताच्या आत्ता फोन करून सांगावंसं वाटलं की मी केलेलं सार लोकांनी मागून खाल्लं. तेवढ्यात आबा आले.

"लॅब हाय का ढाबा?"

मी सगळं सांगितलं. म्हटलं, एक घोट घेऊन बघा.

"माझा सोमवार हाय." आबांचा औंढ्याच्या नागनाथाचा सोमवार कधी चुकत नाही. पण नजर वाट्यांवरच होती. हळदीच्या माणसाला हळदीची भानगड सांगितली की तो उपाशीपोटीही थांबतो. "खाणार न्हाई. वास घेतो."

त्यांनी नवी वाटी नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. मग जुनी उचलली. बराच वेळ खाली ठेवली नाही.

"हे घरचं हाय," ते म्हणाले. "माझी माय करायची त्या कालवणाचा वास हाय हा. ह्याच्यात गट्टू हाय."

हळदीचं रोप उपटलं की खाली मधोमध एक जाड गोल कंद असतो. त्याला आम्ही गट्टू म्हणतो. त्याच्या अंगाला फुटलेली लांब बोटं म्हणजे कांडी. कांडी दिसायला सुरेख, तिला पॉलिश चढतं, बाजारात तिलाच मान. गट्टू बेढब, ओबडधोबड, दळायला कडक, पण वासाला उग्र. म्हणून आमच्याकडं शेतकरी कांडी विकतो आणि गट्टू घरी खायला ठेवतो. हळद पिकवणारं गाव स्वतः गट्टूच खातं. सिंगापूरला जाणाऱ्या पावडरीत पहिल्यापासून दोन्हींची मिसळ होती. ऑर्डरच साध्या मिसळीची होती.

"मंग ह्या दुसऱ्या वाटीत काहून न्हाई?" आबांनी विचारलं. आता त्यांनाही माझा आजार लागला होता.

आम्ही दोघं निवडणीच्या शेडकडं निघालो.

शेडमध्ये पंधरावीस बायका गोल करून बसलेल्या. त्यांची मुकादम चंद्रकलाबाई. पन्नाशीची, आवाज खणखणीत, शेडमध्ये आबांपेक्षा तिचा धाक जास्त. मी तिला मावशी म्हणते. तिच्या डोक्यावर बरोबर तो फ्लेक्स.

मी सरळ विचारलं, "मावशी, सिंगापूरच्या मालात गट्टू घालता ना?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले.

"त्यात गट्टू? न्हाई बाई!"

"कधीपासून?"

"ह्यो फोटू लागला तव्हापसून." तिनं मान वर करून फ्लेक्सकडं बघितलं. "आदी आमाला काय ठाव, माल कुठं जातो ते. जायचा आपला. मंग फोटू आला. माणसं रांगंत हुबी राहून खाऊन राहिलीत. ती चुलीपाशी हुबी हाय म्हातारी, आपल्या वयाची. आमी म्हणलं, बयांनो, हिच्या घरी आपली हळद चाल्ली, आन आपण गट्टू देऊन राहिलो? आपल्या घरात खातो ते पावण्याच्या ताटात वाढतेत का?"

"मग काय केलं?"

"गट्टू येचून काढला, हिकडच्या बाजारच्या पोत्यात टाकला. त्येच्या बदली कांडी घातली, निवड निवडून. वजनात फरक न्हाई पडू दिला. ढोलवाल्याला म्हणलं, सिंगापूरचं हाय, आणखी एकडाव फिरव. चमकलं पाह्यजे."

ढोल म्हणजे पॉलिशचं फिरतं पिंप. हळद त्यात जितकी फिरेल तितकी तिची साल घासली जाते आणि ती चमकते. आणि सालीबरोबर तिचा कडवटपणा आणि थोडा वासही जातो.

बाकीच्या बायका हसून माझ्याकडं बघत होत्या. शाबासकीची वाट बघत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी जास्तीची मजुरी दिली नव्हती. न पाहिलेल्या एका म्हातारीसाठी त्यांनी दर वेळी जादा काम ओढवून घेतलं होतं. आणि त्याच कामापायी तिच्या लेकीचं सार बेचव झालं होतं. मला गलबलून आलं. "बरं मावशी," एवढंच म्हणून मी बाहेर आले.

आबा शेडबाहेर कडुलिंबाखाली उभे होते.

"आता काय लिवणार त्या पोरीला?"

"खरं ते."

"लिवलं की मुंबईवाला अंगावर येईल. म्हणंल, ऑर्डर एकाची अन् माल दुसऱ्याचा. सगळा लॉट वापस घ्या म्हणंल. लई तकलीफ होईल, मॅडम."

"होईल. पण आबा, ती पोरगी रोज त्या पातेल्यापुढं उभी राहून स्वतःलाच दोष देतेय. आणि दोष तिचा नाही हे आता आपल्याला माहीत आहे. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती. तुम्हीच वास घेतलात."

आबांना दोन लेकी आहेत. एक नांदेडला, एक पुण्याला. धाकटीच्या सासरहून पहिल्या वर्षी रोज काही ना काही ऐकायला यायचं, हे सगळ्या कुरुंद्याला ठाऊक होतं.

"लिवा," ते शेवटी म्हणाले. "पण चूक झाली असं नगा लिवू. बायांची चूक न्हाई ती."

"मग काय लिहू?"

"लिवा, आमी जास्तीचं वाढलं."

मी तसंच लिहिलं. इंग्रजीत ते नीट उतरलं नसेल, पण पुढची दोन वाक्यं अगदी सोपी होती. हळद बदलली होती. तुझा हात नाही.

मुंबईच्या एक्स्पोर्टरलाही कळवलं. तो आबांनी सांगितल्याबरहुकूम अंगावर आला. फोनवर मला म्हणाला, "क्वालिटी सुधारली म्हणून माफी मागणारी पार्टी मी पहिल्यांदा बघतोय." शिल्लक माल त्यानं परत पाठवला नाही. चकचकीत पिवळ्या रंगावर भाळणारं दुसरं गिऱ्हाईक त्याला लगेच मिळालं. आम्हाला मात्र झापायचं तेवढं झापून घेतलं.

नादियाचं उत्तर आलं. तिला खूप बरं वाटलं होतं, पण आई ऐकायला तयार नव्हती. 'विकणारे गिऱ्हाइकाला बरं वाटेल तेच बोलतात,' असं ती म्हणत होती. मला म्हातारीचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर कागदावर मीही विश्वास ठेवला नसता. मी ठरवलं, जुन्या मिसळीची हळद कुरियरनं पाठवायची.

आता अवघड काम राहिलं होतं. चंद्रकलाबाईला सांगायचं.

मी शेडमध्ये जाऊन त्यांच्यातच बसले. सोतोपासून गाळ्याच्या करारापर्यंत सगळं सांगितलं. बायकांचे हात थांबले. कुणीतरी "अगं माय" म्हणालं. चंद्रकलाबाई हातातली कांडी फिरवत बसली.

"म्हंजे आमच्यापायी त्या लेकराला बोलणी बसली," ती म्हणाली.

"तसं नाही मावशी."

"तसंच हाय. तुमी गोड लावून सांगू नगा." मग म्हणाली, "त्येंला गट्टूच आवडतो? आपल्यावानी?"

"तुमच्या-आमच्यासारखाच."

तिला ते पटायला वेळ लागला. सिंगापुरातली माणसं आपल्या घरातलंच खातात आणि त्यांना तेच गोड लागतं, हे तिच्या हिशोबात बसत नव्हतं. शेवटी ती उठली, पदर खोचला आणि फ्लेक्सकडं बोट केलं.

"मंग ह्यो आदी काढा इथून."

"का?"

"ती समोर दिसती ना, मॅडम. ती समोर असली की हात आपोआप चांगलं उचलतो. डोळं मिटून थोडंच निवडता येतं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत गुणवत्तेवरची ट्रेनिंगं मी कितीतरी केली. हात का चुकतो याचं इतकं सरळ कारण मला कुणी दिलं नव्हतं. फ्लेक्स त्याच दिवशी काढला आणि माझ्या लॅबमध्ये लावला. मी काही हळद निवडत नाही.

कुरियर पोचलं. नादियानं सांगितलं, उद्या सार करते, आईला वाटी देते, तुम्ही कॉलवर या. शेडमध्ये हे कळताच बायका म्हणाल्या, आमी पन बघणार. मग जेवणाच्या सुट्टीत शेडमध्येच एका पोत्यावर लॅपटॉप ठेवला. सगळ्या मागं दाटीवाटीनं बसल्या. आबा लांब उभे राहिले, सहज आल्यासारखे.

पडद्यावर म्हातारी स्टुलावर बसलेली. नादियानं वाटी पुढं ठेवली आणि बाजूला झाली. तिचे हात एप्रनला पुसले जात होते, पुसले जात होते, थांबतच नव्हते. रोहानाबाईंनी आधी वास घेतला. मग डाव्या हातानं चमचा उचलला. एक घोट. चेहरा काही सांगेना.

"म्हातारी लई खट दिसती," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"गप ए."

दुसरा घोट. तिसरा. मग भाताची वडी मोडली. अर्धी वाटी संपली तरी बाई बोलेनात. शेडमध्ये कुणी हलेना. मग त्यांनी चमचा खाली ठेवला, लेकीकडं बघितलं आणि दोनच शब्द बोलल्या. नादियानं तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"काय म्हणली? काय म्हणली ती?" चंद्रकलाबाईनं माझा दंड धरला.

मी विचारलं. नादियानं नाक पुसत सांगितलं. मी मागं वळून बायकांना सांगितलं, "मीठ कमी आहे म्हणाल्या."

मग चंद्रकलाबाई अशी हसली की शेडचा पत्रा हादरला.

"मंग जमलं की वो! माय मिठावर आली म्हंजे बाकी सगळं बराबर हाय!"

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. नादियाही रडता रडता हसायला लागली. तिला हे वाक्य भाषांतर न करताच कळलं असावं. कारण रोहानाबाईंनी तोवर वाटी पुन्हा पुढं ओढली होती आणि मीठ न घालताच ती संपवायला घेतली होती.

गाळ्याचा करार पुढं वाढला, आता नादियाच्या नावावर. मनगट बरं झालंय, तरी तिची आई पळीला हात लावत नाही. फक्त स्टुलावर बसून मिठाची खोड काढते.

आमच्याकडं फारसं काही बदललं नाही. सिंगापूरच्या मालात पुन्हा गट्टू जातो. परवा शेडमधून जाताना मी सहज डोकावले, तर चंद्रकलाबाई गट्टूच्या ढिगापुढं बसून त्यातले गोल गोल, गोमटे गट्टू वेगळे काढत होती.

"मावशी!"

"काय न्हाई वो, नुसतं बघून राहिले," ती म्हणाली, आणि घाईघाईनं ढीग मोडला.

तेव्हापासून तक्रार आली की मी आधी विचारते, माल कुठं बिघडला? उत्तर सापडलं नाही, तर शेडमध्ये जाऊन विचारते, तो कुणी मायेनं सुधारला तर नाही ना?